पिंपात पिकणारी बिटर

भारतातून आमच्याकडे यॉर्कशरमधल्या कीथलीला पाहुणे आले की त्यांची एक संध्याकाळ पबसाठी राखून ठेवते. हापशाने ओढलेल्या तांबूस बिटरचा पहिला घोट झाला की दोन प्रश्न हमखास येतात. "ही गार का नाही?" आणि "हिचा गॅस गेलाय का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बर्फासारखी थंड, नाकात झिणझिण्या आणणारी लागर प्यायची सवय असली की ही शांत, जेमतेम बुडबुडे असलेली बीअर कालची उरलेली वाटते. प्रत्यक्षात त्या बारवर मिळणाऱ्या सगळ्या बीअरमध्ये तीच सर्वांत नाजूक आणि सर्वांत ताजी असते. तिची चव कळायची तर आधी पबच्या तळघरात काय चालतं ते कळायला हवं.

कोकणात पहाटे माडावरून उतरवलेली माडी ज्यांनी चाखली आहे, त्यांना हे पटकन समजेल. सकाळची माडी गोड असते, दुपारी तिला धार येते आणि संध्याकाळी ती आंबट होते. मडकं तेच, माडही तोच, पण आतलं काम थांबलेलं नसतं. कास्क बिटर याच जातीची आहे. कास्क म्हणजे पिंप. ब्रूअरीतून बाहेर पडते तेव्हा ती पुरती तयार झालेली नसते. शेवटचा टप्पा पबमध्ये, पिंपातच पार पडतो आणि तो सांभाळणारा माणूस ब्रूअरीचा नसून पबचा असतो.

थोडं मागून सुरू करू. सातू भिजवून त्याला मोड आणतात आणि ते मोड भट्टीच्या उष्णतेवर सुकवतात. हा झाला माल्ट. तो भरडून साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की मोडांतली पाचक द्रव्यं दाण्यातल्या पिठाची साखर करतात. हे गोड पाणी गाळून घेऊन तास-दीड तास उकळतात आणि त्यात हॉप्स टाकतात. हॉप्स म्हणजे एका वेलीचे हिरवट, कागदी पाकळ्यांचे फुलोरे. त्यांच्यातला राळेसारखा अंश सहज पाण्यात उतरत नाही. उकळताना त्याची रचना बदलते आणि मगच तो कडूपणा देतो. म्हणून आधी टाकलेले हॉप्स कडूपणासाठी असतात आणि शेवटी टाकलेले वासासाठी. आपण फोडणीत हिंग आधी घालतो आणि कोथिंबीर उतरवताना घालतो, त्याच हिशोबाने. मग हे पाणी निववून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि आठवडाभरात बीअर जवळजवळ तयार होते.

इथून वाटा वेगळ्या होतात. बाटलीतली किंवा केगमधली, म्हणजे वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंद धातूच्या पिंपातली, बहुतेक बीअर गाळतात, बऱ्याचदा पाश्चराइझही करतात आणि तिच्यात बाहेरून वायू भरतात. यीस्ट गेलं म्हणजे बदल जवळपास थांबला. अशी बीअर महिनोन्महिने टिकते आणि कुठेही तशीच लागते. त्यात वाईट काही नाही, लागरला तेच शोभतं. कास्क बिटर मात्र न गाळता पिंपात भरतात. भरताना तिच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये साधारण 10 लाख यीस्टपेशी जिवंत असतात आणि थोडी साखरही शिल्लक असते. पिंप बंद झाल्यावर यीस्ट ती साखर खात राहतं. सुटलेल्या वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो बीअरमध्येच विरघळतो. बुडबुडे येतात ते इथून, बाहेरच्या सिलिंडरमधून नव्हे.

पबमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारं पिंप म्हणजे फर्किन. त्यात 9 इंग्लिश गॅलन, म्हणजे 72 पाइंट, म्हणजे जवळपास 41 लिटर बीअर मावते. लाकडी पिंपं आता दुर्मीळ झाली आहेत. आमच्याच यॉर्कशरमध्ये टॅडकॅस्टरची सॅम्युएल स्मिथ ब्रूअरी अजून ती वापरते, बाकी जवळजवळ सगळीकडे धातूचीच. तळघरात पिंप आडवं ठेवतात, हलू नये म्हणून त्याला पाचर लावतात. फुगलेल्या पोटावर एक बूच असतं आणि पुढच्या तोंडाला, खालच्या अंगाला दुसरं. वरच्या बुचात लाकडी खुंटी ठोकतात, खालच्यात तोटी.

या वरच्या खुंटीत सगळी कला आहे. खुंट्या दोन प्रकारच्या. एक मऊ, बांबूची किंवा सच्छिद्र लाकडाची, जिच्यातून वायू हळूहळू निसटतो. दुसरी कठीण, जी वायूला आत कोंडून ठेवते. पिंप आल्यावर ते विसावतं, मग मऊ खुंटी ठोकतात. खुंटीच्या टोकावर फेस उसळून येतो, तो पुसायचा, पुन्हा येतो, पुन्हा पुसायचा. फेस थांबला म्हणजे जास्तीचा वायू निघून गेला. याला कधी एक दिवस लागतो, कधी तीन. किती दिवस लागतील ते पिंपावर लिहिलेलं नसतं, बीअरकडे बघूनच ठरवावं लागतं. आमच्या गावची टिमोथी टेलर ब्रूअरी लँडलॉर्ड नावाची बीअर बनवते. ती तळघरात अंगात आल्यासारखी उसळते आणि तिला घाई अजिबात चालत नाही. उतावीळपणे विकली तर ती कच्ची, किंचित गंधकाच्या वासाची लागते. दोन दिवस जास्त दिले तर तीच बीअर संत्र्याच्या सालीसारखी दरवळते. म्हणून एकाच ब्रूअरीची एकच बीअर दोन शेजारच्या पबांत वेगळी लागते आणि जाणकार माणसं बीअरच्या नावाआधी पब विचारतात.

त्याच वेळी पिंपात दुसरं काम चालू असतं, ते निवळण्याचं. यीस्टमुळे बीअर गढूळ असते. ते खाली बसवायला ब्रूअरी पिंपात एक द्रव घालते, तो माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. त्यातल्या प्रथिनावर धन विद्युतभार असतो आणि यीस्टवर ऋण. दोघं एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली घरगुती युक्ती जवळपास याच तत्त्वावर चालते. मात्र शाकाहारी वाचकांसाठी ही बारीक गोष्ट नाही. द्रव गाळाबरोबर खाली राहतो, तरी ज्यांना तो अजिबात नको त्यांनी बारवर सरळ विचारावं. तो न वापरणाऱ्या ब्रूअऱ्या आता बऱ्याच आहेत. त्यांची बीअर बऱ्याचदा थोडी धूसर दिसते आणि बहुधा तसं हापशावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. माझ्या एका आत्तेबहिणीला ही माहिती दुसऱ्या पाइंटनंतर कळली. तेव्हापासून मी ती पहिल्या पाइंटच्या आधी सांगते.

आता पहिला प्रश्न, गारव्याचा. चांगल्या पबच्या तळघरात तापमान 11 ते 13 अंश ठेवतात आणि ग्लासात बीअर त्याच्याच आसपास येते. "इंग्लिश लोक कोमट बीअर पितात" हे वाक्य जगभर फिरतं, पण 12 अंश कोमट नाहीत. मे महिन्यातल्या माठातल्या पाण्याहून ती चांगलीच गार असते. लागर 3-4 अंशांवर देतात, तिच्या मानाने ही कमी गार, एवढंच. यामागे कारण आहे. फार थंडीत वासाचे रेणू द्रवातून उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, ते असह्य गोड लागतं. साखर तेवढीच असते, गोठलेली असताना जिभेला ती पुरती कळत नाही. बिटरमध्ये माल्टची खमंग चव, यीस्टचा फळांसारखा वास आणि हॉप्सचा मातकट, फुलांसारखा गंध इतक्या हलक्या हाताने घातलेले असतात की 4 अंशांवर त्यातला निम्मा हरवतो आणि उरतो नुसता कडूपणा.

दुसरा प्रश्न, गॅसचा. एका लिटर लागरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कास्क बिटरमध्ये तो एका लिटरच्या थोडाच वर असतो. मऊ खुंटीतून वायू निघून गेल्यावर, तळघराच्या तापमानाला आणि साध्या हवेच्या दाबाला बीअर जेवढा वायू आपणहून धरून ठेवते, तेवढाच हा. आणि तो बेताचा असणं हिताचं आहे, कारण हा वायू पाण्यात आम्ल बनतो, जिभेला टोचतो आणि त्या टोचण्याखाली नाजूक चवी दबतात. सोड्यात कालवलेलं कोकम सरबत आणि पाण्यातलं कोकम सरबत पाठोपाठ पिऊन पाहिलंत तर हा फरक लगेच कळेल. पण गॅस कमी आणि गॅस नाही यांत अंतर आहे. नीट राखलेली बिटर जिभेवर हलकेच चुरचुरते. चहासारखी निपचित लागली तर तिचं काहीतरी बिघडलं आहे.

तळघरातून बीअर वर येते ती हापशाने. बारवरचा तो लांब, बहुधा चिनीमातीच्या मुठीचा दांडा म्हणजे खरोखरच गावातल्या हापशाचा भाऊ आहे. दट्ट्या वर जातो, पोकळी होते, बीअर नळीतून ओढली जाते. असा पंप बनवण्याचं पेटंट जोसेफ ब्रामा या यॉर्कशरच्या संशोधकाने 1797 मध्ये घेतलं. त्यात वायूचा दाब नसतो, फक्त हाताचा जोर असतो. दोन-तीन संथ ओढींत पाइंट भरतो. एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. ओढणाऱ्याचा हात बघत बसणं हा मला पबमधला मोठा आनंद वाटतो.

उत्तरेत त्या नळीच्या टोकाला बारीक छिद्रांची एक टोपी लावतात. तिच्यातून बीअर जोराने फवारली जाते आणि वर सायीसारखा घट्ट फेस येतो. दक्षिणेत, लंडन-ससेक्सकडे, ही टोपी लावत नाहीत. तिथे फेस पातळ आणि बीअर जरा जास्त धारदार. यावरून दोन्हीकडची माणसं गंभीरपणे वाद घालतात. टोपीमुळे थोडा वायू आणि थोडा कडूपणा फेसात जातो, खालची बीअर मऊ लागते. मी उत्तरेत राहते आणि इथल्या बिटरला ती टोपी शोभते असं माझं मत आहे. तीच टोपी ससेक्सच्या बीअरला लावली तर तिचा तोरा जातो.

आता नावाकडे. एकोणिसाव्या शतकात ब्रूअऱ्या या बीअरला पेल एल म्हणत. एल हा बीअरचाच एक प्रकार आणि पेल म्हणजे फिकट, कारण पोर्टर या तेव्हाच्या काळ्या बीअरपुढे ती उजळ दिसे. बारवर येणारी माणसं मात्र गोडसर, कोवळ्या 'माइल्ड' बीअरपासून वेगळी ओळखायला तिला 'बिटर', म्हणजे कडू, म्हणू लागली आणि ग्राहकांचं नाव टिकलं. या घराण्याचा मुंबईशी संबंध आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रूअरीची पेल एल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांतून मुंबई-कोलकात्याला येत असे. 1820 च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट गावातल्या ब्रूअऱ्या त्या व्यापारात उतरल्या. बर्टनचं विहिरीचं पाणी जिप्समने जड असतं आणि जिप्सममधल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, कोरडा लागतो. ती बीअर इतकी गाजली की इतर गावचे ब्रूअर आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले आणि अजूनही मिसळतात. बिटर ही या पेल एलची घरी राहिलेली बहीण. आधी ती बरीच कडक असे. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली, कर वाढले, ताकद उतरली आणि पुन्हा पूर्वीइतकी चढली नाही. आज साधी बिटर साडेतीन ते चार टक्के अल्कोहोलची असते, 'बेस्ट बिटर' चार ते पावणेपाच टक्क्यांची. मला ही उतरलेली ताकद आवडते. इतक्या कमी अल्कोहोलमध्ये इतकी चव भरणं अवघड काम आहे.

चाखताना मी पाहुण्यांना टिमोथी टेलरचीच बोल्टमेकर देते. ती चार टक्क्यांची सरळ यॉर्कशर बिटर आहे आणि 2014 मध्ये ती ब्रिटनची सर्वोत्तम बीअर ठरली होती. आधी ग्लास दिव्यासमोर धरा. रंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखा आणि बीअर आरपार निवळ दिसायला हवी. मग नाक. फेसावर नाक टेकवायला लाजू नका. आधी भाजलेल्या बिस्किटाचा वास येतो, मग किंचित काकवीसारखा. अशा बिटरमध्ये तो बहुधा येतो क्रिस्टल माल्टमधून, म्हणजे ज्या माल्टच्या दाण्यातच साखर पाकासारखी भाजली गेली आहे त्यातून. त्यामागे ओल्या गवताचा, लाकडाचा वास असतो तो हॉप्सचा. इंग्लंडच्या फगल आणि गोल्डिंग्स या जुन्या जातींचे हॉप्स अमेरिकन हॉप्ससारखे आंबा-ग्रेपफ्रूटचा घमघमाट करत नाहीत. त्यांचा गंध सौम्य असतो, घरात कुणी आल्याची चाहूल लागावी तसा.

आता घोट, आणि तो चांगला मोठा घ्या. वाइनसारखं तोंडात घोळवून थुंकायची रीत इथे उपयोगाची नाही. कडूपणा जिभेच्या मागच्याच भागाला कळतो असं शाळेत शिकवत, ते खरं नाही, तो सगळ्या जिभेला कळतो. पण तो उशिरा येतो आणि उशिरा जातो. गिळल्याशिवाय त्याची लांबी कळत नाही. पहिल्या क्षणी माल्टची गोडी येते, मग फळासारखं काहीतरी, मग कडूपणा चढतो आणि घोट खाली गेल्यावर घसा कोरडा, तुरट करून थांबतो. कारल्यासारखा तो अंगावर येत नाही. मेथीच्या भाजीत गूळ घातल्यावर जो कडूपणा मागे उरतो आणि पुढचा घास मागतो, तो याच्या जवळचा. चांगल्या बिटरची खूण हीच की तोंड कोरडं पडतं आणि हात आपोआप ग्लासाकडे जातो. पाइंट अर्धा होईपर्यंत बीअर दोन-तीन अंशांनी उबदार झालेली असते, तेव्हा पुन्हा वास घ्या. सुरुवातीला न दिसलेलं संत्र्याचं मार्मालेड बहुतेक वेळा इथेच सापडतं. ग्लासाच्या आतल्या बाजूला प्रत्येक घोटाची फेसाची एक रिंगण उरते, तीही बघण्यासारखी असते.

आता जपण्याचा भाग. पिंपाला तोटी लावून विक्री सुरू झाली की जेवढी बीअर बाहेर जाते तेवढी हवा आत येते. पहिल्या दिवशी हवा काही बिघडवत नाही. तिसऱ्या दिवसापासून धार बोथट होते, मग ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि शेवटी हवेतले जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करतात. म्हणून उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपायला हवं. 72 पाइंटांतले दोन-चार गाळात जातात, म्हणजे प्रत्येक हापशामागे रोज 23-24 पाइंट विकले गेले पाहिजेत. सहा हापसे असतील तर दिवसाला 140 च्या आसपास. मंगळवारी दुपारी रिकाम्या पबमध्ये आठ हापशांची रांग दिसली तर पाहुण्यांना ती श्रीमंती वाटते, मला मात्र काळजी वाटते. दोनच हापसे आणि भरलेली टेबलं असलेला पब मी केव्हाही पसंत करीन.

एकदा एका पबमध्ये मला सोमवारी आंबट पाइंट मिळाला. बारमागच्या बाईंना हळूच सांगितलं. त्यांनी दुसऱ्या ग्लासात थोडी ओढून स्वतः चाखली, हापशावरची नावाची पाटी उलटी फिरवली आणि न विचारता दुसरी बीअर भरून दिली. नावाची पाटी उलटी म्हणजे ती बीअर आज नाही. परत करण्यात संकोच नको, चांगल्या पबला ही माहिती हवीच असते. फक्त पाऊण ग्लास पिऊन झाल्यावर तक्रार करू नये. व्हिनेगरचा वास, लोण्यासारखा तेलकटपणा, निपचितपणा ही परत करण्याची कारणं झाली. कडू आहे, हे कारण नाही. आधीच शंका असेल तर चाखायला मागा, बहुतेक पब घोटभर देतात. तिथे अर्धा पाइंट किंवा पाइंटचा तिसरा भागही मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन बीअर तिसऱ्या भागात घ्याव्यात, तुलना सोपी होते.

ही बीअर एकेकाळी जवळजवळ संपली होती. 1960 च्या दशकात मोठ्या ब्रूअऱ्यांनी पिंपांऐवजी गाळलेली, वायू भरलेली केग बीअर पबांत आणली. ती टिकायची, तळघरात कुणाला राबायला लागायचं नाही. 1971 मध्ये इंग्लंडमधले चार मित्र आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेले असताना, डनक्विन गावच्या एका बारमध्ये बसून त्यांनी याविरुद्ध संघटना काढली. ती आजची कॅम्रा. 'रिअल एल', म्हणजे अस्सल एल, हा शब्द तिने रूढ केला आणि त्याची व्याख्या बांधली: ज्या भांड्यातून वाढायची त्याच भांड्यात शेवटचं आंबवण झालेली आणि बाहेरच्या वायूच्या दाबाशिवाय वाढलेली बीअर. सरकारी कायद्याने नव्हे, पिणाऱ्यांच्या हट्टाने वाचलेली ही वस्तू आहे, आणि म्हणून मला तिच्याविषयी इतका जिव्हाळा आहे.

गेल्या महिन्यात आमच्या पबच्या मालकीणबाईंनी माझ्या पुण्याच्या मामेभावाला तळघर दाखवलं. पबची घंटा वाजली होती, शेवटचे पाइंट भरून झाले होते. खाली थंड, ओलसर अंधार आणि यीस्टचा पावासारखा वास. बाईंनी चालू पिंपातली मऊ खुंटी उपटली, कठीण खुंटी लाकडी हातोडीने दोन ठोक्यांत बसवली, म्हणजे रात्रभर वायू आतच राहील. मग शेजारच्या नव्या पिंपाच्या खुंटीवरचा फेस फडक्याने पुसला, वाकून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे परवा."

मामेभावाचं विमान उद्याचं होतं. त्याने ते एका दिवसाने पुढे ढकललं.